विश्लेषण : शतकापूर्वीच्या पिस्तुलांचे संग्राहकांना आजही इतके आकर्षण का? ती घडवणारे जॉन ब्राउनिंग कोण होते?

साराजेव्होत पहिल्या महायुद्धाची ठिणगी पाडणारे पिस्तूल, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर रोखलेले पिस्तूल आणि अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद यांच्या हातात असलेले पिस्तूल. या तिन्हींच्या मुळाशी एकाच माणसाचे डोके होते, अमेरिकेतील युटा प्रांताच्या ऑग्डेन गावातील जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे. जुन्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांच्या जगभरच्या संग्राहकांसाठी हे नाव म्हणजे अभ्यासाचा आरंभबिंदू. त्यांच्या निधनाला जवळपास शंभर वर्षे होत असतानाही त्यांची यंत्ररचना आजच्या बहुतेक पिस्तुलांत जिवंत आहे. त्यांचे आयुष्य आणि त्यांनी घडवलेल्या वस्तूंचे मोल यांविषयी...

जडणघडण कशी झाली?

ब्राउनिंग यांचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडवणारे कारागीर. मॉर्मन पंथीयांसोबत स्थलांतर करत ते युटात आले होते. त्यांना तीन पत्नींपासून २२ अपत्ये होती. वडिलांच्या दुकानातील भंगाराचा ढीग हीच जॉन यांची शाळा ठरली. वयाच्या दहाव्या वर्षी त्यांनी टाकाऊ नळी आणि लाकडाच्या फळीतून पहिली बंदूक बनवली, असे कुटुंबात सांगितले जाते. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. कागदावर आराखडा काढण्याआधी ते सुटे भाग हाताने घडवत, जुळवत आणि चालवून पाहत. ही सवय शेवटपर्यंत टिकली.

१८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉन यांना एकेरी गोळीच्या रायफलचे पहिले पेटंट मिळाले. भावांना सोबत घेऊन त्यांनी ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना थाटला. पुढे त्यांच्या नावावर एकूण १२८ पेटंट जमा झाली.

विंचेस्टर कंपनीशी संबंध का जुळला आणि का तुटला?

ऑग्डेनची एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या हाती पडली आणि १८८३ मध्ये कंपनीचे अधिकारी टी. जी. बेनेट थेट गावात येऊन धडकले. ८ हजार डॉलर देऊन त्यांनी हक्क विकत घेतले. पुढची १९ वर्षे ब्राउनिंग यांची कल्पना आणि विंचेस्टरचा कारखाना अशी जोडी जमली. १८८६, १८९२ आणि १८९४ च्या लिव्हर रायफली याच काळातील. व्यवहाराची पद्धत ठरलेली होती. रचना एकरकमी विकायची, नंतर विक्रीतला वाटा मागायचा नाही. कंपनीने विकत घेतलेल्या अनेक रचना तर कधी बाजारात आल्याच नाहीत. त्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागू नयेत, एवढाच खरेदीमागचा हेतू होता.

ठिणगी पडली ती आपोआप भरणाऱ्या शॉटगनवरून. या बंदुकीचे मोल ब्राउनिंग यांना ठाऊक होते. या वेळी त्यांनी प्रत्येक नगामागे मानधन मागितले. विंचेस्टरने नकार दिला. ब्राउनिंग यांनी रेमिंग्टन कंपनीचे दार ठोठावले. जानेवारी १९०२ मध्ये ते भेटीसाठी पोहोचले, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचा हृदयविकाराने नुकताच मृत्यू झाला होता. मग नमुना सोबत घेऊन ब्राउनिंग बोटीने बेल्जियमला गेले. लीजजवळच्या हर्स्टल येथील एफएन कंपनीने ती शॉटगन स्वीकारली. ‘ऑटो-५’ या नावाने ती पुढे अनेक दशके विकली गेली. कारागिराने आपल्या कामाची किंमत स्वतः ठरवायची, हा निर्णय त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल.

पिस्तुलाच्या रचनेत त्यांनी नेमके काय बदलले?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे काडतूस नळीत चढवणे ही कामे त्या स्फोटाच्याच जोरावर होतात. जर्मनीत १८९३ चे बोरशार्ट आणि १८९६ चे माउझर ही पिस्तुले आधीच आली होती. पण ती बोजड होती. माउझरचे मॅगझिन घोड्याच्या पुढे होते, तर बोरशार्टमध्ये गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा होता.

ब्राउनिंग यांनी नळीवर बसणारे आणि मागेपुढे सरकणारे आवरण बनवले. आज त्याला आपण ‘स्लाइड’ म्हणतो. एप्रिल १८९७ मध्ये त्यांना पिस्तुलांची पेटंट मिळाली. कमी ताकदीच्या काडतुसांसाठी स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग एवढेच पुरेसे होते. जास्त ताकदीच्या काडतुसांसाठी त्यांनी नळी आणि स्लाइड खाचांनी एकमेकांत अडकवले. गोळी सुटताच दोन्ही मिळून थोडे मागे जातात, आतला दाब उतरतो, नळी किंचित झुकते, खाचा सुटतात आणि मगच स्लाइड एकटी मागे जाते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हीच सुरक्षितता. आजची बहुसंख्य लष्करी आणि पोलिसी पिस्तुले याच झुकत्या नळीच्या तत्त्वावर चालतात.

पिस्तुलासोबत काडतूसही त्यांनीच घडवले. .२५, .३२, .३८० आणि .४५ या मापांची त्यांची काडतुसे आजही बनतात. भारतातील ऑर्डनन्स कारखान्याचे ‘अशनी’ पिस्तूल .३२ मापाचेच आहे.

‘ब्राउनिंग’ हे सामान्यनाम कसे झाले?

अमेरिकेसाठी कोल्ट आणि युरोपसाठी एफएन अशी त्यांनी कामाची विभागणी केली होती. एफएनचे १९०० चे पिस्तूल चपटे, खिशात मावणारे आणि स्वस्त होते. पाठोपाठ १९०३, १९०६ आणि १९१० ची मॉडेल आली. पहिल्या महायुद्धाआधीच एफएनच्या ब्राउनिंग पिस्तुलांचा आकडा दहा लाखांवर गेला. फ्रेंच भाषेत तर ‘ब्राउनिंग’ म्हणजेच पिस्तूल असा अर्थ रूढ झाला. १९१४ मध्ये बेल्जियमच्या राजाने त्यांना ‘ऑर्डर ऑफ लिओपोल्ड’ने गौरवले. त्याच वर्षी २८ जून रोजी गाव्रिलो प्रिन्सिप याने एफएनच्या १९१० मॉडेलने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली. महायुद्ध पेटले आणि ऑगस्टमध्ये लीज शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. ज्या शहराने त्यांचा सत्कार केला, तेच त्यांच्या पिस्तुलाने पेटलेल्या युद्धाच्या पहिल्या बळींत होते.

अमेरिकेतही असेच चित्र होते. फिलिपिन्समधील लढायांत .३८ मापाची रिव्हॉल्व्हर कमी पडतात, असे लष्कराचे मत झाले होते. मार्च १९११ मधील चाचणीत ब्राउनिंग यांच्या .४५ पिस्तुलातून दोन दिवसांत ६ हजार गोळ्या झाडल्या गेल्या. ते एकदाही अडकले नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडखळले. २९ मार्च १९११ रोजी ते लष्कराने स्वीकारले. ‘१९११’ हेच त्याचे नाव पडले आणि १९८५ पर्यंत ते अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. पहिल्या महायुद्धात त्यांच्या मशीनगन आणि ‘बीएआर’ रायफलही लष्कराने घेतल्या. नगामागे मानधनाने मिळाले असते त्यापेक्षा पुष्कळ कमी, म्हणजे साडेसात लाख डॉलरची रक्कम घेऊन त्यांनी त्यांचे हक्क सरकारला दिले. विंचेस्टरशी नगामागच्या मानधनासाठी भांडलेल्या माणसाने इथे मात्र घासाघीस केली नाही.

भारतीय स्वातंत्र्यलढ्याशी संबंध कसा?

१९०९ च्या सुरुवातीला विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली. इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून ती आली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन याला अनंत कान्हेरे यांनी त्यांपैकीच एका पिस्तुलाने ठार केले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना दुसरी जन्मठेप सुनावली गेली ती या पिस्तुलांमुळेच.

२७ फेब्रुवारी १९३१ रोजी आझाद यांनी अखेरपर्यंत वापरलेले कोल्ट पिस्तूल १९०३ मॉडेलचे, म्हणजे ब्राउनिंग यांच्याच रचनेचे. आज ते अलाहाबाद संग्रहालयात आहे. १९२८ च्या साँडर्स वधातील भगतसिंग यांचे .३२ कोल्टही जतन करण्यात आले आहे. खिशात मावावे म्हणून घडवलेले यंत्र साम्राज्याच्या नजरेतून निसटण्यासाठीही सोयीचे ठरले.

शेवटचे काम अपूर्ण का राहिले?

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हर्स्टलच्या एफएन कारखान्यात काम करत असतानाच ब्राउनिंग यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचे वय ७१ वर्षे होते. त्यांच्या शेवटच्या पिस्तुलाचे पेटंट फेब्रुवारी १९२७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर मंजूर झाले. एफएनचे अभियंते द्यूदोने सेव यांनी ते काम पुढे नेले. १९२८ पर्यंत कोल्टकडील जुन्या पेटंटची मुदत संपली आणि ‘१९११’ मधील चांगले गुण नव्या पिस्तुलात वापरण्याची मुभा सेव यांना मिळाली. १३ गोळ्यांचे ‘हाय पॉवर’ १९३५ मध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील इंग्लिस कंपनीने ते बनवले. त्याच वंशातील ९ मिमी ‘१ए’ पिस्तूल भारतात ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होते आणि आपले सैन्य व पोलीस ते वापरत आले आहेत.

संग्राहक काय पाहतात?

जाणकार संग्राहक आधी मूळपण पाहतो, चकाकी नंतर. पोलादावरची निळसर-काळी झाक मूळची आहे की पुन्हा चढवलेली, हा पहिला प्रश्न. पुन्हा पॉलिश केलेले पिस्तूल दिसायला देखणे असले, तरी त्याचे मोल घटते. कारण पॉलिशमध्ये अक्षरांच्या कडा झिजतात आणि जुन्या खुणा पुसल्या जातात. सांगाड्यावरचा क्रमांक, लीजच्या चाचणीगृहाचे शिक्के, मूठ, मॅगझिन हे सारे एकाच काळातले आहे का, हे पुढचे प्रश्न. जर्मन ताब्यातील एफएन कारखान्यात बनलेल्या ‘हाय पॉवर’वर जर्मन लष्कराचे शिक्के आढळतात. शिलाई यंत्रे बनवणाऱ्या सिंगर कंपनीने १९४१ च्या सुमारास फक्त ५०० ‘१९११ए१’ पिस्तुले बनवली. म्हणूनच ती सर्वांत दुर्मीळ समजली जातात आणि त्यांच्या नकलाही निघतात. कोल्टने बनवलेल्या पिस्तुलांबाबत कोल्ट कंपनीच्या दप्तरातून मिळणारे पत्र कामी येते. एखादे पिस्तूल कधी आणि कुठे पाठवले गेले, याची नोंद त्यात असते.

त्या काळातील कामाचा दर्जा हेही आकर्षण आहे. भाग यंत्रावर कापून शेवटी कारागीर हाताने जुळवत. एफएनच्या १९१० मॉडेलची रिकोइल स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली आहे. त्यामुळे पिस्तूल बारीक झाले. अशी युक्ती हातात घेऊन पाहणाऱ्यालाच उमगते.

भारतात असा संग्रह करता येतो का?

फारच मर्यादित प्रमाणात. शस्त्र कायदा १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीकडील परवानाधारक शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काने आलेले शस्त्रही या मर्यादेत मोजले जाते. ९ मिमी आणि .४५ ही मापे सर्वसामान्यांसाठी प्रतिबंधित आहेत. पिस्तूल शंभर वर्षे जुने आहे एवढ्याने परवान्यातून सूट मिळत नाही. ते चालू स्थितीत असेल किंवा दुरुस्त होण्याजोगे असेल, तर ते शस्त्रच ठरते. आजोबांच्या पेटीत असे काही सापडले, तर घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे हाच कायदेशीर मार्ग आहे. त्यानंतर परवान्यासाठी अर्ज करता येतो.

त्यामुळे आपल्यासाठी खरा संग्रह म्हणजे संग्रहालयेच. ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्थानकात ब्राउनिंग यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि २०११ मध्ये युटाने ‘१९११’ला राज्याचे अधिकृत शस्त्र घोषित केले. तिथे ही पिस्तुले एका कारागिराची कामगिरी म्हणून मांडली जातात, तर अलाहाबादच्या काचपेटीत त्याच कारागिराचे पिस्तूल एका क्रांतिकारकाची आठवण म्हणून उभे आहे. संग्राहकाला पिस्तुलाच्या रचनेइतकाच ते कोणाच्या हातात होते याचाही शोध घ्यावा लागतो, तो यामुळेच.