गंगाराम कांबळे
गंगाराम कांबळे हे कोल्हापूर संस्थानातील हॉटेल व्यावसायिक व सामाजिक कार्यकर्ते होते. प्रारंभी ते छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीस होते. स्पृश्यांसाठी राखलेल्या हौदातील पाण्याला शिवल्यावरून त्यांना तेथे बेदम मारहाण झाली. महाराजांनी दोषींना शिक्षा केली आणि कांबळे यांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगून आर्थिक साहाय्य केले.

त्यानुसार त्यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल उघडले. मात्र अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास गिऱ्हाईक येईना. आपल्या हातचे कोणी घेणार नाही, हा पिढ्यान्‌पिढ्या मनावर बिंबवलेला कमीपणा अशा वेळी खराच वाटावा, अशी ती परिस्थिती होती. तरीही कांबळे यांनी धंदा सोडला नाही. महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही देत.

सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे आदेश संस्थानात १९१९ मध्ये निघाले होते. तथापि आदेशाने गिऱ्हाईक मिळत नाही. ते मिळवण्यासाठी विक्रेत्याने दुकान रोज उघडे ठेवणे आणि कोणीतरी पहिला पेला उचलणे आवश्यक होते.

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. त्यानंतर कांबळे यांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारण्यात आले.