पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा वाचलेले असते. त्या चरित्राच्या आरंभी एक वृद्ध शास्त्री येतात आणि पहिले प्रकरण संपण्यापूर्वीच दिवंगत होतात. वाचक मग कन्येच्या मागोमाग कलकत्त्यास, इंग्लंडला, अमेरिकेला निघून जातो. आम्हांस मात्र या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी त्या शास्त्रीबोवांपाशीच थांबावेसे वाटले. परमुलखात मराठी संसार मांडणे म्हणजे काय, हे आपणां सर्वांस थोडेबहुत ठाऊक आहे. पण आपल्यामागे निदान पगाराचा आणि बदलीच्या हुकुमाचा आधार असतो. अनंतशास्त्री साठीच्या घरात आल्यावर बायकामुलांसह वाटेस लागले, तेव्हा त्यांच्यापाशी पोथ्यांवाचून दुसरे काही नव्हते.

डोंगरे घराणे कोकणस्थ, परंतु वस्ती मंगळूरकडील माळहेरंबी या गावी. विद्याभ्यासासाठी अनंतशास्त्री पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी येऊन राहिले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात राणीस संस्कृत शिकवीत असत. एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक निघतात, हे या तरुण विद्यार्थ्याने ऐकले आणि ते त्याच्या मनात कायमचे रुतून बसले. आपणही आपल्या पत्नीस शिकवावयाचे, असा निश्चय करूनच तो गावी परतला. पण पत्नीस त्या विद्येची गोडी नव्हती आणि घरच्या वडीलधाऱ्यांस तर हे खूळच वाटले. तो बेत तिथेच राहिला. पुढे ती पत्नी वारली.

दुसऱ्या विवाहाची हकीकत आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. गोदातीरावरील एका क्षेत्री स्नानास गेले असता त्यांस एक यात्रेकरू गृहस्थ भेटले. सोबत पत्नी व दोन मुली होत्या. विचारपूस झाली, कुळगोत्र जुळले आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलीचा हात शास्त्रीबोवांच्या हाती आला. वधू नऊ वर्षांची, वर चव्वेचाळीस वर्षांचा! मुलीस घेऊन ते शेकडो मैलांवरच्या आपल्या गावी निघून गेले. स्त्रीशिक्षणाचा ध्यास घेतलेला पुरुष विवाहाच्या वयाबाबत मात्र रूढीबाहेर एक पाऊल टाकीत नाही, ही विसंगती आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. ती त्यांच्या साऱ्या आयुष्यातच आहे.

हीच मुलगी लक्ष्मीबाई. तिला संस्कृत शिकवू लागताच घरात पुन्हा तोच विरोध उभा राहिला. या खेपेस शास्त्रीबोवांनी विद्या सोडली नाही, घर सोडले. सह्याद्रीच्या अरण्यात तुंगा व भद्रा या नद्यांचे उगमस्थान असलेल्या गंगामूळ येथे ते त्या लहानग्या मुलीस घेऊन गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. वाघाची डरकाळी ऐकून पोर भीतीने पासोडीत गुरफटून निजली आणि पती उजाडेपर्यंत जागत पहारा करीत बसला. मग झोपडी झाली, शेत झाले, गुरे झाली. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. त्यांस शिकवावयाचे आणि घरीच जेवू घालावयाचे. स्त्रीस देवभाषा शिकवून अधर्म केल्याचा आरोप आला, तेव्हा उडुपीस विद्वानांपुढे उभे राहून त्यांनी शास्त्राधार दाखविले. तेथून ते मान खाली घालून परतले नाहीत. पतीने लावलेले हे रोप इतके वाढले की लक्ष्मीबाई पुढे स्वतः शिकवू लागल्या.

पण गंगामूळ हे तीर्थस्थान, आणि शास्त्रीबोवांचे दार कोणालाच बंद नसे. येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूचे आतिथ्य करता करता जमीनजुमला कर्जात गेला. २३ एप्रिल १८५८ रोजी तेथे रमा जन्मली. ती सहा महिन्यांची झाली न झाली तोच हे घर मोडले. वेताच्या पेटाऱ्यात तान्ह्या मुलीस घालून तो एका माणसाच्या डोक्यावर दिला आणि मंडळी घाट उतरली. मागे चालत होते वृद्ध पिता, माता, कृष्णाबाई व श्रीनिवास. त्यानंतर या जोडप्यास पुन्हा कधी स्वतःचे घर लाभले नाही.

आता त्यांचा व्यवसाय पुराणिकाचा. क्षेत्रोक्षेत्री जावे, देवळाच्या सभामंडपात अथवा नदीच्या घाटावर बैठक मांडावी, पोथी उघडून मूळ संस्कृत पुराण सुस्वर वाचावे. श्रोत्यांपैकी अनेकांस अर्थ कळत नसे. श्रवणाचे पुण्य मात्र सर्वांस हवे असे. कोणी फुले ठेवी, कोणी फळे, कोणी पैसा, कोणी वस्त्र. हे भिक्षा मागणे नव्हे. मागावयाचे नाही, मजुरी करावयाची नाही, धर्माची वाणी लोकांच्या कानी घालावयाची आणि श्रद्धेने येईल त्यावर राहावयाचे, असे ते व्रत होते. मिळाले त्यातूनही दानधर्म व ब्राह्मणभोजने चालूच. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत वर्षानुवर्षे हा फिरता संसार चालला होता.

शास्त्रीबोवा आता थकले होते, दृष्टी मंदावली होती. म्हणून धाकट्या मुलीस शिकविण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर स्वयंपाकपाणी आणि प्रवास. तेव्हा त्या पहाटे, काळोख असतानाच मुलीस जागी करून मांडीवर घेत आणि श्लोक म्हणवून घेत. भागवताचे हजारो श्लोक रमेस असे मुखोद्गत झाले. वाटेत कानडी, हिंदुस्थानी, बंगाली कानांवर पडून येऊ लागली. घरात मात्र मराठीच, आणि तीही आईच्या तोंडची शुद्ध मराठी. आमच्या मंडळाच्या बालवर्गात मुलांनी मराठी बोलावे म्हणून आपण किती खटपट करतो, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. लक्ष्मीबाईंपाशी ना वर्ग होता, ना फळा.

तथापि ज्या निष्ठेने हे घडले, तिनेच पुढे घात केला. इंग्रजी विद्या म्हणजे बाटणे, ऐहिक उद्योग म्हणजे अधःपात, अशी शास्त्रीबोवांची दृढ समजूत. धट्ट्याकट्ट्या श्रीनिवासास त्यांनी पोट भरण्याची कोणतीच कला शिकू दिली नाही. मद्रास इलाख्यात धान्य महागले, श्रोते आटले, तेव्हा भांडीकुंडी व अंगावरचे किडूकमिडूक विकून दिवस काढले. देवदेव, अनुष्ठाने यांत काही कमी केले नाही. अखेरीस हाती काहीच उरले नाही, तेव्हा मंडळी रानात गेली. झाडपाला खाऊन अनेक दिवस राहिली. वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचा विचार बोलून दाखविला. तेव्हा कोठे श्रीनिवासाने सांगितले की मी मजुरी करीन. पित्याने जन्मभराचा अभिमान गिळून त्यास रुकार दिला. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड क्षण हाच. उडुपीची सभा यापुढे सोपी होती.

पण फार उशीर झाला होता. १८७४ साली अनंतशास्त्री निवर्तले. अंतसमयी त्यांनी संन्यास घेतला असल्याने देहास अग्नी न देता भूमीत ठेवणे प्राप्त होते. खांदा द्यावयास कोणी आले नाही. श्रीनिवासाने देह धोतरात बांधून पाठीवर घेतला आणि दोन मैलांवर नेऊन पुरला.

लक्ष्मीबाई त्यांच्यामागे फार दिवस राहिल्या नाहीत. तापाने व उपवासाने त्यांचा अंत झाला. तिरडीस दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची खांद्यास पुरेना, म्हणून तिने आपल्याकडील दांडा डोक्यावर घेतला आणि तीन मैल चालत आईस स्मशानात पोहोचविले. काही महिन्यांत कृष्णाबाईही गेली. उरलेली दोघे भावंडे पुराण सांगत पायी हिंडली, काश्मीरपर्यंत गेली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे पंडितांनी वीस वर्षांच्या रमेची परीक्षा घेतली, तेव्हा तिने म्हटलेले श्लोक पहाटेच्या काळोखात आईच्या मांडीवर पाठ झालेले होते.