दवाखाना न थाटलेला डॉक्टर

वैद्यकाची पदवी घेऊनही कधी दवाखाना न थाटलेल्या एका डॉक्टरने पृथ्वीच्या वयाविषयीची समजूतच बदलून टाकली. त्यांचे नाव जेम्स हटन. स्कॉटलंडमधील एडिनबर्ग येथे ३ जून १७२६ रोजी त्यांचा जन्म झाला. एडिनबर्ग आणि पॅरिसमध्ये वैद्यक शिकून १७४९ साली त्यांनी हॉलंडमधील लायडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता रक्ताभिसरण.

वैद्यकी मात्र त्यांनी केली नाही. मित्र जेम्स डेव्ही यांच्यासह त्यांनी काजळीपासून नवसागर तयार करण्याची रीत बसवली. कल्हई करताना लागतो तोच हा नवसागर. त्या उद्योगाने पैशांची चिंता मिटली. हटन बर्विकशायरमधील वडिलोपार्जित शेतीवर राहायला गेले.

तिथे एका प्रश्नाने त्यांना पछाडले. पावसाबरोबर शेतातली माती ओढ्यात, तिथून नदीत आणि शेवटी समुद्रात जाते. खडक झिजल्याशिवाय नवी माती होत नाही. मग झिजता झिजता सगळी जमीनच एक दिवस संपणार नाही का?

हटन यांना उत्तर सापडले ते असे : समुद्रतळाशी साचलेला गाळ पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने घट्ट होऊन खडक बनतो. तीच उष्णता त्याला वर उचलते. वर आलेला खडक ऊन, पाऊस, वारा यांनी पुन्हा झिजू लागतो. डोंगर, दऱ्या, मैदाने ही सारी या चक्रातली रूपे. मात्र असे एक चक्र पुरे व्हायलाही अफाट काळ हवा आणि त्या वेळी युरोपात पृथ्वीचे वय जेमतेम सहा हजार वर्षे मानले जाई.

१७८५ साली एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीत हा सिद्धान्त मांडल्यावर हटन पुरावे शोधू लागले. ग्लेन टिल्ट या दरीत त्यांना जुन्या खडकांच्या भेगांत घुसलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा दिसल्या. म्हणजे ग्रॅनाइट कधीकाळी वितळलेला होता. समुद्राच्या पाण्यातून साका बसून तो तयार झाल्याचे प्रचलित मत चूक होते. १७८८ साली जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांच्यासह होडीतून ते सिकार पॉइंट या कड्यापाशी गेले. तिथे जवळजवळ उभ्या थरांच्या करड्या खडकावर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर पसरलेले होते. खालचा गाळ साचला, खडक झाला, उभा कलला, झिजला आणि मगच त्यावर वरचा थर बसला. या दोन थरांमध्ये सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे अंतर असल्याचे आज मानले जाते.

१७९३ साली मूत्रविकाराने हटन यांना गाठले. लघवी तुंबली, जोखमीची शस्त्रक्रिया करावी लागली. आजारातून उठत असतानाच सिद्धान्तावरील कडक टीका त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी रखडलेला ग्रंथ हाती घेतला. १७९५ साली त्याचे दोन खंड निघाले. दुखणे बळावत असतानाही लेखन थांबले नाही. २६ मार्च १७९७ रोजी त्यांचे निधन झाले.

हटन यांची भाषा क्लिष्ट होती. प्लेफेअर यांनी १८०२ साली तोच विचार सोप्या शब्दांत मांडला. हटन गेले त्याच वर्षी जन्मलेल्या चार्ल्स लायेल यांनी तो पुढे नेला. लायेल यांचा ग्रंथ तरुण चार्ल्स डार्विन यांनी जहाजावर वाचला. सजीवांच्या उत्क्रांतीला लागणारा अफाट काळ त्यांना तिथे मिळाला.