प्रवासी चित्रकार एडवर्ड लिअर

१८७४ सालचा जानेवारी महिना होता. दार्जिलिंगला कडाक्याची थंडी पडली होती. साठी ओलांडलेला, दाढीवाला आणि जाड चष्मा लावणारा एक इंग्रज चित्रकार तेथे कांचनगंगा शिखराचे चित्र काढायला आला होता. तेथे ढग केव्हा येतील आणि शिखर केव्हा झाकून जाईल, याचा नेम नसतो. म्हणून शिखर दिसले की त्याची पेन्सिल भराभर चाले. रंग भरायला वेळ नसे. मग आकाश कोणत्या रंगाचे, झाडी कोणत्या रंगाची, सावली कुठे पडली आहे, हे तो चित्रावरच शब्दांत लिहून ठेवी.

या चित्रकाराचे नाव एडवर्ड लिअर. १२ मे १८१२ रोजी लंडनजवळ त्याचा जन्म झाला. घरात वीस-एकवीस भावंडे! त्यांतली बरीच लहानपणीच वारली. वडिलांचा व्यवहार बुडाला आणि घर विसकटले. एडवर्डला वाढवले ते त्याच्या सर्वांत थोरल्या बहिणीने, अ‍ॅनने. ती त्याच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी होती. तिनेच त्याला चित्रे काढायला शिकवले.

पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला फेफरे येई. त्या काळी लोकांना या रोगाची लाज वाटे. एडवर्डने जन्मभर तो मित्रांपासूनही लपवला. रोजनिशीत मात्र फेफरे आले त्या दिवशी तो एक फुली करी.

पोट भरण्यासाठी पंधराव्या-सोळाव्या वर्षीच तो चित्रे विकू लागला. पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून त्याने जिवंत पोपटांची चित्रे काढली. त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. पण पिसांतले बारकावे रेखाटताना त्याच्या डोळ्यांवर ताण पडू लागला. तेव्हा त्याने पशुपक्षी सोडले आणि १८३७ मध्ये तो डोंगर, नद्या व गावे रंगवण्यासाठी इटलीला गेला. १८४६ च्या उन्हाळ्यात तर राणी व्हिक्टोरियाने त्याच्याकडून चित्रकलेचे धडे घेतले.

पुढची चाळीस वर्षे तो फिरत राहिला. ग्रीस, अल्बानिया, इजिप्त, पॅलेस्टाइन असे कितीतरी देश त्याने पाहिले. सगळीकडे त्याचे स्वागत झाले असे मात्र नाही. अल्बानियातील एल्बासान या गावी त्याच्याभोवती मोठा जमाव जमला. कागदावर गावातल्या ओळखीच्या इमारती उमटताना पाहून लोक सैतान, सैतान असे ओरडू लागले.

१८७३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या आमंत्रणावरून तो हिंदुस्थानात आला. नोव्हेंबरमध्ये मुंबईस उतरला, तेव्हा त्याचे वय एकसष्ट होते. जॉर्जिओ नावाचा विश्वासू ग्रीक नोकर बरोबर होता. बनारसचे घाट त्याने नावेत बसून रेखाटले. आग्र्याला ताजमहाल पाहिला, दिल्ली पाहिली, पावसाळ्यात पुण्यास मुक्काम केला. प्रत्येक कागदावर तो ठिकाण, तारीख आणि वेळसुद्धा लिही. मधूनच एखाद्या शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम चुकवून आपलीच करमणूक करी. मग सवडीने पेन्सिलीच्या रेषा शाईने गिरवी आणि लिहून ठेवलेल्या शब्दांप्रमाणे हलके रंग भरी.

लिअरच्या गमतीदार कविता त्याच्या चित्रांपेक्षाही प्रसिद्ध आहेत. हिंदुस्थानात कानांवर पडलेल्या शब्दांचीही त्याने एक कविता केली. ती १८७४ मध्ये मुंबईच्या एका वर्तमानपत्रात छापून आली. तिच्यात कमरबंद हा एक भयंकर राक्षस आहे आणि तो एका बाईला गिळून टाकतो! कमरबंद म्हणजे काय हे तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा इंग्रज वाचकांपेक्षा ती कविता वाचून तुम्हांलाच जास्त हसू येईल.

१८७५ च्या जानेवारीत लिअर परत गेला. इटलीतील सान रेमो या गावी त्याचे घर होते. तेथे बसून त्याने त्या कागदांवरून कांचनगंगेची मोठी तैलचित्रे रंगवली. शिखर आता हजारो मैल दूर होते. जवळ होत्या त्या केवळ पेन्सिलीच्या रेषा आणि रंगांची नावे. अशा एकेका तैलचित्राला महिनेच्या महिने लागत. म्हातारपणी त्याच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळेना, डोळेही साथ देईनात. १८८३ मध्ये जॉर्जिओ वारला. २९ जानेवारी १८८८ रोजी सान रेमो येथेच लिअरचे निधन झाले.

वाटेत काढलेल्या चित्रांना तो स्वतः मोठ्या चित्रांची कच्ची तयारी समजे. आज जाणकारांना त्याच्या तैलचित्रांपेक्षा हे कागदच अधिक मोलाचे वाटतात. हिंदुस्थानात काढलेले पुष्कळसे कागद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. त्यांवर ती तारीख, ती वेळ आणि घाईघाईने लिहिलेली रंगांची नावे अजूनही वाचता येतात.