नोकरी गेली, आणि किहीमच्या किनाऱ्यावर सुगरणीचं गुपित उलगडलं : पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

नांदगावकडच्या विहिरींवर, बाभळीच्या फांद्यांना लटकलेले सुगरणीचे खोपे आपण लहानपणापासून पाहतो. नाव सुगरण, म्हणजे घर बांधणारी बाईच, असं आपण धरून चालतो. पण खोपा विणतो तो नर. हा सगळा मामला नीट पाहून जगासमोर मांडला तो डॉ. सलीम अली यांनी. आणि तोही अशा वेळी, जेव्हा त्यांच्या हातात नोकरी नव्हती.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. आई-वडिलांचं छत्र अगदी लहानपणीच हरपलं. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात त्यांना वाढवलं. मामू शिकारीचे शौकीन, त्यामुळे पोराच्या हातात छऱ्याची बंदूक आली. एकदा पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणं जायज आहे का, असा प्रश्न मुलाला पडला. मामूंनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. पीतकंठी चिमणी होती ती. साहेबांनी भुसा भरून ठेवलेले पक्षी दाखवले, आणि पोरगा तिथेच अडकला.

पुढे घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले, पण तिथेही लक्ष पाखरांकडेच. परत आल्यावर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला. विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना वारंवार नडली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईडची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तर पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली!

घर कसं चालवायचं? नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. समुद्रकाठचं गाव, खर्च कमी. पावसाळ्यात जवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत भरली. सलीम अली रोज आडोशाला बसून तासन् तास नोंदी करू लागले. त्यात दिसलं ते असं : नर खोपा अर्धाच विणतो आणि थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तरच पुढचं बांधकाम, बोगद्यासारखी नळी वगैरे. मादी अंड्यांवर बसली की हा गडी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे अर्धवटच लटकत राहतात. पुढच्या वेळी विहिरीवर नळी नसलेला खोपा दिसला तर समजून घ्या.

या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. मग त्यांनी संस्थानिकांना कळवलं, मला पगार नको, फक्त मुक्कामाचा खर्च द्या, तुमच्या राज्यातले पक्षी मी नोंदवतो. निजामाचं हैदराबाद संस्थान, त्रावणकोर, कोचीन असे सर्वे झाले. निजामाची हद्द तेव्हा नांदगाव तालुक्याला लागूनच होती, वैजापूर-कन्नडकडे. तेहमिना सोबत जंगलात राहायच्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली बहिणीच्या घरी राहू लागले आणि काम दुप्पट केलं.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं चित्रमय पुस्तक आलं. महायुद्धामुळे सिंगापूर सोडून मुंबईत आलेले लोके वान थो यांच्याशी दोस्ती जमली. लोके पुढे पक्ष्यांचे नावाजलेले फोटोग्राफर झाले. डिलन रिप्ली यांच्यासोबतचे दहा खंड १९७४ पर्यंत पूर्ण झाले. भरतपूरची पाणथळ आणि केरळचं सायलेंट व्हॅली वाचवण्यातही त्यांचा शब्द कामी आला. पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. जून १९८७ मध्ये, नव्वदीत, त्यांचं निधन झालं.

आपल्याच जिल्ह्यातलं निफाडचं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात तिथे कॅमेरे घेऊन येणाऱ्या पोरांपैकी कुणाच्या तरी पिशवीत सलीम अलींचं ते पुस्तक आजही असतं.