परिचारिका घडवणाऱ्या रमाबाई रानडे

पोळा झाला, गोटमार आटोपली, की पांढुर्णा आणि सौसरच्या आपल्या मराठी घरांत गणपतीची आणि पाठोपाठ महालक्ष्म्यांची लगबग सुरू होते. या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे स्मरण करावे, ही आपली रीत. यंदा रमाबाई रानडे यांच्याविषयी लिहावेसे वाटले. त्याला कारण झाले आशा कार्यकर्त्यांचे एक प्रशिक्षण.

नोकरीच्या कामानिमित्त मी त्या प्रशिक्षणाला मागच्या रांगेत बसलो होतो. कामात सर्वांत कठीण काय वाटते, असे शिकवणाऱ्या बाईंनी विचारले. मला वाटले, रजिस्टर भरणे किंवा रात्री-बेरात्री गरोदर बाईला घेऊन दवाखान्यात जाणे, असे काही उत्तर येईल. एकीने सांगितले की लसीचे, गोळ्यांचे सगळे ऐकून घेतात. पण दोन मुलांत अंतर ठेवण्याचा विषय काढला की सून मान खाली घालते, सासू बोलू लागते आणि नवरा उठून बाहेर जातो. दुसरी विधवा होती. ज्या सुनेला तिने सात महिने नेमाने तपासणीला नेले, तिच्या ओटी भरण्याच्या दिवशी मात्र तिने घरी येऊ नये, असा निरोप आला होता. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. वर्गात मात्र बराच वेळ कोणी बोलले नाही.

तेव्हा मला रमाबाई आठवल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच अडचणीत त्यांनी हात घातला होता.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. मुलीने अक्षर ओळखणे त्या काळी अपशकुनाचे मानत, त्यामुळे त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी स्वतः विधवेशीच लग्न करावे, अशी सुधारकांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे चालले नाही. याबद्दल लोकांनी त्यांना बोल लावला, आणि तो अगदीच गैर नव्हता. रानड्यांनी मात्र या लहान मुलीला लगेच शिकवायला घेतले. पाटीवरच्या मुळाक्षरांपासून सुरुवात झाली आणि पुढे मराठी ग्रंथ, वर्तमानपत्रे आणि इंग्रजी इथपर्यंत मजल गेली.

शिकवणारा नवरा होता, पण शिकायचे होते ते भरल्या घरात. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिक्षण मुळीच रुचत नव्हते. टोमणे होते, अबोला होता. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या मडमेला शिवल्यावर विटाळ होतो म्हणून आंघोळीची सक्तीही होती. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पाटीही खाली ठेवली नाही. या सगळ्या दिवसांविषयी त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांना छळणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. त्या स्वतः त्याच रूढीत वाढल्या होत्या आणि सुनेने ती मोडली तर आपल्याला बोल लागेल, ही भीती त्यांना होती. घरातली रूढी राखण्याचे काम बाईवर टाकलेले असते, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

नाशिकला रानड्यांची बदली झाल्यावर रमाबाई हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना एकत्र आणू लागल्या आणि चारचौघांत बोलू लागल्या. पुण्यात पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात त्यांनी भाग घेतला. मुलींसाठी हायस्कूल हवे, ही मागणी इंग्रजीतून मांडण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. १८८४ मध्ये पुण्यात ते हायस्कूल निघाले. तेच आपण हुजूरपागा म्हणून ओळखतो.

त्या काळात बाईच्या दुखण्याचे काय होत असे, हेही पाहिले पाहिजे. दहा-अकराव्या वर्षी लग्न आणि अंगाची वाढ पुरी होण्याआधीच बाळंतपण. मुलीच्या संमतिवयाची कायद्यातली मर्यादा १८९१ पर्यंत दहा वर्षे होती. त्या वर्षी ती बारा झाली. या कायद्याला रानड्यांचा पाठिंबा होता. ज्यांनी पुढे दोनच वर्षांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्या लोकमान्य टिळकांचा विरोध होता, कारण परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करू नये असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंना मोठी माणसे होती. वाद सभांमध्ये आणि वर्तमानपत्रांत गाजला. ज्या मुलींच्या शरीराविषयी तो होता, त्यांना कोणी विचारले नाही.

बाळंतपण होई ते अंधाऱ्या, बंद खोलीत. बाळंतिणीला विटाळ, तिला हात लावणाऱ्या सुईणीला हलके मानणे, आणि परपुरुष म्हणून डॉक्टरला दाराबाहेर उभे ठेवणे, असा तो प्रकार. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, पण १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिकलेल्या सुईणी तयार करण्यासाठी १८८५ मध्ये डफरीन फंड स्थापन झाला होता. पण घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतून या कामाला मुली येत नव्हत्या. रोग्याचे मलमूत्र उचलायचे, परक्यांना हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशी समजूत होती.

दुसरीकडे त्याच घरांत तरुण विधवा होत्या. लहानपणी लग्न, नवऱ्याचे तोंडही नीट न पाहता वैधव्य, केशवपन आणि पुढचे सगळे आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. फसलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, यावरून त्या बायकांची गत काय होती हे कळते. एका घरात आजारी बाईपाशी बसायला शिकलेला हात नव्हता आणि दुसऱ्या घरात धडधाकट हातांना काम नव्हते. या दोन घरांची गाठ घालून देण्याचे काम रमाबाईंनी केले.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत आल्या होत्या. मूलबाळ नव्हते. मुंबई सोडून त्या पुण्याला आल्या आणि बराच काळ घराबाहेर पडल्याच नाहीत. पुढे त्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. रुग्णालयात फळे, फुले, पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचे सेवासदन रमाबाईंच्या घरी सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ मिळाली.

सेवासदनात शिवण होते, मास्तरणीचे शिक्षण होते, प्रौढ बायकांचे वर्ग होते. पण सर्वांत अवघड शाखा होती परिचारिका आणि सुईणी तयार करण्याची. शिक्षण ससून रुग्णालयात मिळायचे. ताप कसा मोजावा, जखम कशी बांधावी, बाळंतपणात स्वच्छता कशी राखावी, हे तिथे शिकवले जाई. रुग्णालयात शिकवता येत नव्हते ते दुसरेच होते. मुलीला पाठवायला भाऊ, दीर, सासरा तयार झाला पाहिजे. शिकून आल्यावर शेजारपाजारच्यांनी तिला घरात घेतले पाहिजे. आणि आपण हलके काम करतो ही भावना तिच्या स्वतःच्या मनातून गेली पाहिजे. हा भाग रमाबाईंनी आपल्याकडे घेतला. शिकणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह झाले. न्यायमूर्तींच्या पत्नी स्वतः लक्ष घालतात म्हटल्यावर घरच्यांना नाही म्हणणे कठीण जाई. आपल्या नावाचा त्यांनी या कामी पुरेपूर उपयोग केला.

सेवासदनाच्या एका वार्षिक संमेलनातला प्रसंग प्रसिद्ध आहे. केशवपन केलेली, जुन्या पद्धतीचे लुगडे नेसलेली एक विधवा बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. गॅलरीत बसलेल्या कॉलेजातल्या मुलांनी हुर्यो केली. रमाबाईंना ते फार लागले. समारोपाच्या वेळी त्यांनी त्या मुलांनाच विचारले की तुमच्यापैकी कोणाच्या घरी विधवा बहीण, आत्या, मावशी किंवा आई नाही काय. शिकलेले म्हणवता आणि निर्दय रूढीने जिचे हाल केले तिलाच हसता, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. सभा गप्प झाली.

या प्रसंगात मला त्यांच्या कामाचे मर्म दिसते. त्या विधवेने करायचे ते सगळे केले होते. ती घराबाहेर पडली, शिकली, बक्षिसाला पात्र झाली. तिला आणखी धीट व्हायला सांगून काही साधणार नव्हते. कमतरता समोर बसलेल्यांत होती आणि रमाबाई त्यांच्याशीच बोलल्या.

हळूहळू वारे फिरले. आधी मोजक्या बायका आल्या, मग संख्या वाढली. रमाबाई १९२४ मध्ये गेल्या, तोवर पुणे सेवासदनातल्या विद्यार्थिनींची संख्या हजाराच्या घरात गेली होती. आपल्या नागपूरलाही सेवासदनाचे नाव घराघरांत माहीत आहे. १९६२ मध्ये रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

त्यांच्या कामाला मर्यादाही होत्या. त्यांचा मार्ग सबुरीचा होता. रूढीशी थेट भांडण्यापेक्षा तिला वळसा घालणे त्यांना पसंत पडे. सुरुवातीच्या बायका बहुतेक वरच्या जातींतल्या होत्या. आणि किती मुले हवीत, केव्हा हवीत, हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे, हा विषय त्यांच्या हातून निघाला नाही. तो उघडपणे मांडला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यापायी १९२५ मध्ये कॉलेजातली प्राध्यापकी गमावली. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

आज आपल्या गावागावांत आशाताई आहेत. २००५ मध्ये ही योजना आली तेव्हाच्या नियमांत निवडीसाठी विवाहित, विधवा आणि घटस्फोटित अशा तिन्ही स्त्रियांचा स्पष्ट उल्लेख होता. रमाबाईंना ज्यासाठी घरोघरच्या पुरुषांची समजूत काढावी लागली, ते आज सरकारी कागदावर आहे. पण कागदावरचे घरात उतरायला वेळ लागतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली होती, त्यांचे प्रमाण होते ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्यांशिवायही होणारी, तरी आकडा हा. आशाताईंचे शिक्षण कमी पडते म्हणून असे होते काय? नवरा उठून बाहेर जातो तोवर तिने कितीही चांगले सांगितले तरी ते भिंतीलाच सांगितल्यासारखे.

म्हणून प्रशिक्षणात आता बायकांचे अधिकार, पुरुषांची जबाबदारी, मुलगा-मुलगी भेद यांवरही बोलले जाते, हे योग्यच आहे. आधी कार्यकर्तीला स्वतःच्या मनातली गाठ सोडावी लागते, कारण तीही आपल्यातच वाढलेली असते. उरलेले काम मात्र वर्गात होणारे नाही. ते आपल्या घरात आणि मंडपात व्हायचे आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्याला ठरावाचीही गरज नाही. यंदा मंडळाच्या हळदीकुंकवाला गावातल्या आशाताईंना बोलवावे, सधवा-विधवा असा भेद न करता सर्वांची ओटी भरावी, आणि त्या दिवशी पुरुषांनी बाहेर खुर्च्या टाकून न बसता आत येऊन अर्धा तास त्यांचे ऐकावे, एवढी माझी विनंती आहे. प्रशिक्षणात भेटलेल्या त्या ताईला मी स्वतः आमंत्रण देणार आहे. तिने आपल्या घरांतल्या लेकीसुनांना दवाखान्यापर्यंत नेऊन सुखरूप परत आणले आहे. महालक्ष्म्या बसतात त्या घरात तिचे पाऊल अशुभ कसे?