आंरी ल शातलिए आणि सिमेंटचे कोडे

आंरी ल शातलिए हे नाव पाठ्यपुस्तकांतून १८८४ साली मांडलेल्या रासायनिक समतोलाच्या तत्त्वापुरतेच उरले आहे. त्यांच्या बुद्धीचा खरा कस मात्र जिप्सम, चुना, सिमेंट अशा गवंडीकामातील पदार्थांवर लागला. त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८५० रोजी पॅरिस येथे झाला. वडील फ्रान्समधील रेल्वे व ॲल्युमिनियम उद्योगाशी निगडित असलेले अभियंते. पॅरिसच्या खाणविद्यालयात शिक्षण घेऊन १८७७ मध्ये ते तेथेच प्राध्यापक झाले.

पाण्याशी संयोग होताच सिमेंट दगडासारखे का होते, हा त्यांच्या १८८७ च्या प्रबंधाचा विषय. सिमेंट वाळून घट्ट होते ही समजूत चुकीची आहे; ताज्या बांधकामावर गवंडी दिवसचे दिवस पाणी मारतो, ते उगाच नव्हे. ल शातलिए यांनी भूवैज्ञानिकाप्रमाणे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ट्रायकॅल्शियम सिलिकेट हा मुख्य घटक ओळखला. त्यांच्या मते निर्जल संयुगे प्रथम पाण्यात विरघळतात. त्यांपासून होणारी सजल संयुगे तितकी विद्राव्य नसल्यामुळे अतिसंपृक्त द्रावणातून सुईसारख्या स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडतात, आणि त्या स्फटिकांच्या गुंफणीतून बळकटी येते.

१८९३ मध्ये जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म मिखाएलिस यांनी उलट बाजू मांडली: बळकटी स्फटिकांची नव्हे, कलिल जेलची. वाद चिघळला, कारण तो डोळ्यांनी मिटण्यासारखा नव्हता. मायक्रोमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून लहान रचना प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकास दिसतच नाही. बर्लिनमध्ये क्नोल व रुस्का यांनी १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सिद्ध केला, तेव्हा ल शातलिए ऐंशी वर्षांचे होते. १७ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले.

पुढील दशकांत त्या उपकरणाने दाखविलेले दृश्य दोघांनाही अर्धेच मानवले असते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे षट्कोनी पत्रे आणि एट्रिंगाइटच्या सुया हे स्पष्ट स्फटिक तेथे होते. परंतु मुख्य बळ देणारे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तंतूंच्या व चुरगळलेल्या पापुद्र्यांच्या रूपात, जवळजवळ अस्फटिकी आढळले. विरघळून पुन्हा घनरूप होण्याची ल शातलिए यांची कल्पना टिकली. पदार्थ मात्र मिखाएलिस यांच्या जेलशी अधिक जवळचा निघाला.

भारतीय प्रयोगशाळांत सिमेंट पुढे फुगणार नाही ना, हे पाहण्यासाठी दोन लांब सुया जोडलेला चिरेचा छोटा साचा वापरतात. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी त्या सुयांमधील अंतर १० मिलिमीटरहून अधिक वाढलेले चालत नाही. साचा ल शातलिए यांच्याच नावाचा आहे.